आधी पत्ता, मग टॉर्च: ठाणे जिल्ह्यासाठी पावसाळ्याआधीची तयारी

मे संपत आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच यादी फिरायला लागते: टॉर्च, मेणबत्त्या, बिस्किटांचे पुडे, औषधं. यादीत खोटं काही नाही. पण बदलापूरला नदीकाठी राहणारा आणि कळव्यात डोंगराच्या कुशीत राहणारा, दोघांना ती एकच सल्ला देते आणि तिथेच ती कुचकामी ठरते. ठाणे जिल्ह्यात धोका पत्त्यावर ठरतो. 2014 मध्ये पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या सात तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याचं मुरबाड-शहापूर आहे, उल्हासचं खोरं आहे, खाड्या आहेत, पारसिकचा डोंगर आहे आणि भर वस्तीला खेटून रासायनिक कारखाने आहेत. तेव्हा टॉर्च घ्यायच्या आधी आपलं घर, मुलांची शाळा आणि कामाचं ठिकाण यांपैकी कुठल्या धोक्याच्या वाटेत येतं ते लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि गल्लीत वीस-तीस वर्षं काढलेल्या एखाद्या आजोबांना विचारलंत तर दहा मिनिटांचं. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

नदीकाठच्यांनी आपल्या डोक्यावरचा पाऊस बघून निश्चिंत होऊ नये. बदलापुरात उघडीप असतानाही उल्हास चढत राहते, कारण पाणी कर्जत-लोणावळ्याकडून येत असतं. बदलापूरला नदीची धोका पातळी 17.50 मीटर आहे. पावसाळ्यात प्रशासन रोजची पातळी जाहीर करतं, तो आकडा बघायची सवय लावा. बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात. त्यामुळे धरण किती टक्के भरलं ही बातमी फक्त पाणीकपातीच्या चिंतेने वाचायची नसते. भातसा धरणातून विसर्ग वाढला की शहापूरकडे सापगावचा पूल, आणि उल्हासला पूर आला की कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायता पूल, या दोन जागा आधी बंद होतात. रोज त्या वाटेने जाणाऱ्याने दुसरी वाट कोरड्या दिवसांत एकदा चालवून बघावी. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली, हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर आले. बोटी पोहोचेपर्यंत गाडीतून उतरू नका असं प्रवाशांना सांगितलं जात होतं. वाहत्या पाण्यात रुळांच्या कडेची खडी आणि खड्डा यांतला फरक दिसत नाही, म्हणून तो सल्ला लोकलच्या प्रवाशांनीही लक्षात ठेवावा.

खाडीकाठचं गणित निराळं. तिथे पाऊस किती पडला याइतकंच तो केव्हा पडला याला महत्त्व आहे. भरतीच्या वेळी नाल्याचं पाणी खाडीत उतरतच नाही, उलट फिरतं. ठाण्यात चिखलवाडी किंवा वंदना टॉकीजचा परिसर तुंबतो तेव्हा बहुधा जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आलेली असते. कोळीवाड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. इमारतींत राहणाऱ्या आपल्याला मात्र उधाण कधी आहे हे ठाऊक नसतं. भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी तयार असतं. साडेचार मीटरच्या वरची भरती ज्या दिवशी असेल ती तारीख आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. त्या दिवशी हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर गाडी तळघरात ठेवू नका आणि भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास बाहेरची कामं काढू नका. अलर्टमधले शब्दही मोजून वापरलेले असतात: 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.4 च्या वर ‘अत्यंत जोरदार’. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता, हे शेजारी ठेवलं म्हणजे आकड्यांची पट्टी कळते.

नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलेला. सिडकोने त्यासाठी धारण तलाव ठेवले, ज्यांना सगळे होल्डिंग पॉन्ड म्हणतात. भरतीला त्यांच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला झडपा उघडून खाडीत जातं. योजना चांगली आहे, पण तलाव गाळाने भरला की साठवायला जागाच उरत नाही. वाशी, नेरूळ, बेलापूरकरांनी आपल्या सेक्टरचं पाणी कुठल्या तलावात जातं आणि त्याचा गाळ काढलाय का, एवढं वॉर्ड ऑफिसात विचारायला हरकत नाही. आणखी एक गोंधळ आताच मिटवा: खारघर, कामोठे, पनवेल नवी मुंबई म्हणवत असले तरी ते रायगड जिल्ह्यात येतात. महापालिका वेगळी, नियंत्रण कक्ष वेगळा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 लावल्यावर पलीकडच्याला जिल्हा आणि तालुका आधी सांगा, मग अडचण.

डोंगरउतारावर राहणाऱ्यांसाठी घरात काय साठवायचं हा प्रश्नच दुय्यम आहे, निघायचं कधी हे ठरवणं महत्त्वाचं. जुलै 2021 मध्ये कळव्याच्या घोलाई नगरात दरड कोसळून पाच जणांचा जीव गेला. 2023 मध्ये शेजारच्या रायगडात इर्शाळवाडीवर रात्री डोंगर आला, लोक झोपेत होते. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग, अचानक घट्ट बसू लागलेलं दार, कललेला विजेचा खांब, उतारातून फुटलेला गढूळ झरा, यांतलं काही दिसलं तर खात्री करत बसू नका. उजेड आहे तोवर बाहेर पडा. जायचं कुठे, कुणाकडे, हे जूनच्या आत त्या घराशी बोलून ठेवा. पाहुणचाराचा संकोच रात्री दोन वाजता फार महाग पडतो.

कारखान्यांचा धोका पावसावर अवलंबून नाही. डोंबिवली एमआयडीसीत 2016 आणि 2024, दोन्ही वर्षी मे महिन्यातच मोठे स्फोट झाले आणि लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. अंबरनाथ-बदलापूर किंवा दिघ्यापासून खाली ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. मोठा आवाज आला की आपण सगळे खिडकीकडे धावतो. नेमकं तेच करायचं नाही. वायुगळतीचा इशारा मिळाला तर दारं-खिडक्या बंद, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद, फटींना ओले पंचे. बाहेर असाल तर वारा ज्या दिशेने वाहतोय तिकडे न पळता आडव्या दिशेने निघा. क्लोरीन हवेहून जड असतो, तो तळाशी साचतो, त्यामुळे तळघरात लपणं घातक.

मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यांसाठी आकाशातली वीज हा मोठा धोका. वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, गडगडाट ऐकू आला की शिवार सोडून पक्क्या घरात या, झाडाखाली थांबू नका.

आता इमारत. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण पूर सोसायटीत शिरतो तेव्हा निम्मं नुकसान आपल्याच रचनेने केलेलं असतं. मीटर रूम तळमजल्यावर, पंप तळघरात, जनरेटर त्याच्या शेजारी, आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण अगदी फरशीच्या पातळीला. पुराचं पाणी त्या टाकीत शिरलं की पाणी असूनही अख्खी इमारत तहानलेली. झाकणाची कड हातभर उंच बांधून घ्या आणि झाकणाला रबराची घट्ट पट्टी लावा. रंगकामापेक्षा हा खर्च आधी. पाणी आवारात येऊ लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची आणि मेन स्विच पाडायचा, पण तो कोरड्या पायांनी हात पोहोचतोय तोवरच. हे काम कोण करणार? वॉचमन रात्रीपाळीचा आणि नवा असेल तर? दोन माणसांची नावं लिहून मीटर रूमच्या दारावर चिकटवा, खाली महावितरणचा 1912 लिहा. कुठल्या घरात ऑक्सिजन मशीन आहे, डायलिसिसचा पेशंट आहे, एकटी आजी राहते, हे सेक्रेटरीकडे लिहिलेलं हवं. इमारत तीस वर्षांची झाली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. पालिकेची ‘सी-1’ नोटीस म्हणजे तातडीने रिकामी करायची इमारत. पुनर्विकासाचं भांडण कोर्टात चालू द्या, माणसं मात्र बाहेर हवीत.

सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा: आपत्ती येईल तेव्हा तुम्ही बहुतेक घरी नसाल. 2005 च्या 26 जुलैला मंगळवार होता, माणसं ऑफिसात आणि पोरं शाळेत होती. सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत रात्र काढता येईल असं एकेक घर ठरवा: कुर्ल्याची मावशी, मुलुंडचा मित्र. शाळेतून मूल कोण आणणार, हे शेजाऱ्यांशी बोला आणि ते नाव शाळेलाही लेखी द्या. फोन लागेनासे झाले की सगळ्यांनी गावच्या एकाच नातेवाइकाला मेसेज करायचा, त्याने सगळ्यांना कळवायचं.

पिशवीबद्दल थोडक्यात. तीन दिवसांची औषधं, प्यायचं पाणी, पॉवर बँक, शिट्टी, रोख पैसे सुट्ट्या नोटांत, चकल्या-चिक्की-भडंग असं न शिजवता खाता येईल ते, आणि कागदपत्रं चेनच्या प्लास्टिक पिशवीत, त्यांचे फोटो डिजिलॉकरमध्ये. फोन नंबर कागदावरही: 112 (कुठलीही तातडीची मदत), 108 (रुग्णवाहिका), 101 (अग्निशमन), 1077 (जिल्हा नियंत्रण कक्ष). भूकंपाच्या आजवरच्या प्रचलित नकाशात ठाणे तिसऱ्या क्षेत्रात येतं, म्हणून कपाट आणि गीझर भिंतीला पक्के आहेत ना ते याच फेरीत बघून घ्या.

पाणी ओसरल्यावरची घाईही आवरायला हवी. चिखल काढण्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट, फोटो काढा. तलाठ्याचा पंचनामा आणि विम्याचा दावा त्यावर उभा राहतो. पुराच्या पाण्यातून चालला असाल, त्यातही पायाला जखम असेल, तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल एक-दोन दिवसांत डॉक्टरांना विचारा, ताप यायची वाट बघू नका. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चढवायचा नाही. टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून धुतल्यावरही पहिले काही दिवस पाणी उकळूनच प्या. आणि गाडी पाण्यात बुडली असेल तर चालू होते का म्हणून चावी फिरवून बघू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की बिघाड वाढतो आणि तो साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. ती टो करूनच गॅरेजला न्या.