खडीत अंडी घालणाऱ्या माशांसाठी नदीचा तळ कसा सुधारावा

काम कोणत्या माशासाठी करायचं, ते आधी पक्कं करा. ट्राउटची मादी वाहत्या पाण्यातली खडी उकरून त्यात अंडी पुरते. वाम वाळूत आणि गाळात शिरून राहते, तर मरळीला संथ पाणी आणि पाणवनस्पती लागतात. म्हणून सगळं पात्र खडीने भरू नका. ही कृती ट्राउटसारख्या माशांसाठी आहे.

या काठावरून त्या काठावर आडवे चालत जा. दर पावलाला खाली न बघता हात घाला आणि बुटाच्या टोकाशी बोटाला पहिला लागेल तो दगड उचला. बघून उचलले, तर हात मोठ्या दगडांकडेच जातो. लांबी आणि जाडी सोडून दगडाची मधली बाजू मोजा. 100 दगड चढत्या क्रमाने लावले की 50 वा दगड हा तळाचा मध्यम आकार. हा आकार मादीच्या लांबीच्या साधारण एक दशांशापर्यंत चालतो. 40 सेंमीच्या मादीला 40 मिमीच्या पुढची खडी सहसा उकरत नाही.

आता रुतलेला एखादा दगड उलटा करा. खालची बाजू काळी पडली असेल आणि कुजक्या अंड्यांचा वास आला, तर तिथे प्राणवायू पोचत नाही. खडीचा नमुना वाळवून चाळा. 1 मिमीपेक्षा बारीक माल वजनाने 12 ते 14 टक्क्यांवर गेला, तर अंडी गुदमरतात आणि पिल्लं खडीतच अडकतात.

गाळ कुठून येतो ते शोधून आधी तो थांबवा: ढासळता काठ, गुरांची वाट, उघडी जमीन. हे राहिलं, तर पुढची सगळी मेहनत एका पुरात बुजते.

घट्ट बसलेली खडी विणीचा हंगाम टाळून पहारीने सैल करा. सुरुवात वरच्या अंगाने करा, म्हणजे सुटलेला गाळ साफ केलेल्या भागावर बसणार नाही.

वर धरण असेल, तर खडी मुळात खाली येतच नाही. तिथे ती बाहेरून घालावी लागते, आणि तीही पुन्हा पुन्हा. त्यासाठी परवानगी घ्या. धुतलेली, गोलसर, मिश्र आकाराची खडी वापरा, क्रशरची टोकदार नको. त्याच नदीतून उपसलेली तर मुळीच नको. डोह संपून पाणी उथळ होतं, तिथे सुमारे 30 सेंमी थर द्या. त्या चढावर पाणी खडीत मुरतं आणि अंड्यांपर्यंत प्राणवायू नेतं. संथ जागी घातलेली खडी गाळाखाली जाते.

पहिला पूर ओसरल्यावर त्याच रेषेवर पुन्हा 100 दगड मोजा.