हप्ता थकणार असं दिसलं, की अर्ज द्या आणि पोच घ्या

आमचा वन बीएचके नाशिकला पाथर्डी फाट्याला होता. कर्ज 22 लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता 19,092 रुपये. ह्यांची अंबडमधली नोकरी सुटली तेव्हा चार वर्षं भरून झाली होती. नऊ लाखांवर रक्कम बँकेत गेली होती आणि मुद्दल अजून 20 लाख शिल्लक! सुरुवातीची वर्षं व्याजच फेडत असतो आपण.

चार हप्ते थकले तरी मला पत्ता नव्हता. बँकेची पत्रं ॲक्टिव्हाच्या डिक्कीत, रेनकोटच्या खाली. पीयूसी शोधताना सापडली. भांडण झालं ते झालं. पण तेवढ्यात जे दिवस गेले, ते फार महागात पडले.

कारण सगळा खेळ 90 दिवसांचा आहे. हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत, अनुत्पादक कर्जात धरते. त्याआधी बँक ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत असते. म्हणून नोकरी गेली त्याच आठवड्यात शाखेत जा. पगार बंद झाल्याचा कागद आणि बँक स्टेटमेंट जोडून अर्ज द्या, की मुदत वाढवा किंवा काही महिने हप्त्यात सवलत द्या. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. तोंडी ‘बघतो मॅडम’ला काही किंमत नाही. काउंटरवर पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

मुदतवाढीकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नका. मी वहीत हिशेब मांडला होता: 20 लाख बाकी, उरलेली 16 वर्षं वाढवून 20 केली तरी हप्ता जेमतेम 1,700 रुपयांनी उतरतो. 25 केली तर तीन हजारांनी. पगार कमी झाला असेल तर एवढ्याने भागेल, बंदच झाला असेल तर नाही.

सगळे हप्ते जमत नसतील तर निदान सर्वांत जुना भरा. दिवस त्याच्यापासून मोजतात. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून सुटका नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. पीएफमधून गृहकर्जासाठी पैसे काढता येतात, एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज मिळतं. पण हप्ता भरायला सावकाराकडे जाऊ नका. माझ्या जावेने मंगळसूत्र गहाण टाकून दोन हप्ते भरले, तिसऱ्या महिन्यात दोन्हीकडचे फोन सुरू.

फोनचंही सांगते. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

एनपीएनंतर येते 2002 च्या सरफेसी कायद्याखालची, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेण्याच्या कायद्याखालची, कलम 13(2) ची नोटीस. पूर्ण रक्कम 60 दिवसांत भरा, असं त्यात असतं. वाचून पोटात गोळा येतो, पण घाईने सामान बांधू नका. आकडा चुकलाय, अमुक हप्ता धरलेला नाही, असं काही असेल तर लेखी हरकत घ्या. बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. 60 दिवस उलटले की बँक कागदोपत्री ताबा घेते, दारावर नोटीस लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, नाव आणि फ्लॅट नंबरसकट. सासूबाई पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, म्हणून मला त्याचीच जास्त धास्ती होती. ताब्याविरुद्ध डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, 45 दिवसांत अर्ज करता येतो, त्याला वकील घेतलेला बरा. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. लिलावाची नोटीस एकदा प्रसिद्ध झाली की पूर्ण पैसे भरून घर सोडवण्याचा हक्कही संपतो.

आम्ही तिथवर जाऊ दिलं नाही, घर स्वतःच विकलं. लिलावात भाव पडतो आणि वरून खर्चही आपल्याच खात्यावर. तरी पैसे कमी पडले तर उरलेल्या रकमेसाठी बँक मागे लागतेच, जास्त आले तर ते आपल्याला परत मिळायला हवेत. पण 13(2) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. ती संमती मागायचा अर्ज मी दिला, अर्थातच पोच घेऊन. बँकेकडून एकूण बाकीचं पत्र घेतलं, गिऱ्हाइकाच्या बँकेने तेवढा चेक थेट आमच्या बँकेच्या नावे काढला. घर 29 लाखांना गेलं, व्याज-दंड, दलाली वगैरे जाऊन हातात साडेसात आले.

कर्ज फिटलं की मूळ कागदपत्रं 30 दिवसांत मिळायला हवीत, बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. आमची 26 व्या दिवशी मिळाली. आता सिडकोत भाड्याने राहतो. डिक्कीची एक चावी माझ्याकडे असते.