आगकाड्यांची मौज, घरच्या घरी

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला. त्याची प्रत आज उरलेली नाही. युक्ती मात्र कुणालाही करता येते: एक चित्र टिपायचं, काडी जराशी सरकवायची, पुन्हा टिपायचं; सगळी चित्रं सलग चालवली की काडी आपोआप चालताना दिसते. (१९१२ मध्ये त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना असाच टिपला होता, तिथे सरकायचं काम वाटाण्यानेच केलं.)

काड्या लाकडी घ्या. मेणाच्या घरंगळतात आणि उबेने वाकतात. काळा कार्डपेपर टेबलाला चारही बाजूंनी चिकटवा. मोबाइल बरोबर वर, तोंड खाली करून घट्ट बसवा. पंखा बंद.

सगळ्यात जास्त घोळ उजेडात होतो. खिडकीतलं ऊन दर पाच मिनिटांनी बदलतं, आणि चित्रं सलग चालवली की पडदा लुकलुकतो. म्हणून खिडकीचे पडदे ओढा, दोन्ही बाजूंना एकेक एलईडी दिवा लावा (तापणारा बल्ब काडीच्या गुलाजवळ नको). फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा. शटर (एक चित्र टिपायला लागणारा वेळ) १/५० सेकंद ठेवा. इतकं करूनही लुकलुकलं तर दोष तुमच्या शर्टाचा: पांढरा कपडा उजेड परत फेकतो. गडद घाला, दर वेळी एकाच जागी उभे राहा. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, ब्लूटूथ तेवढं चालू राहू द्या आणि बटण ब्लूटूथ रिमोटने दाबा. बोटाने दाबलं की चौकट हलते.

सेकंदाला १२ चित्रं पुरतात, म्हणजे दहा सेकंदांना १२०. काडी चिमट्याने सरकवा: सुरुवातीला २ मिलिमीटर, मध्यावर ७-८, थांबताना पुन्हा २. सगळीकडे सारखंच अंतर ठेवलं तर ती ओढल्यासारखी दिसते, स्वतःहून चालल्यासारखी नाही. थांबल्यावर सहा-आठ चित्रं तशीच घ्या. बघणाऱ्याला तेवढा वेळ लागतो. किंचित थरथर राहिली तर राहू द्या. काडीचा माणूस झाला तरी ती काडीच दिसली पाहिजे, गंमत तिथेच आहे.

जळणं दाखवायचं असेल तर चित्रीकरणात काडी पेटवू नका. कमी-जास्त जाळून विझवलेल्या सहा काड्या आधीच तयार ठेवा आणि त्याच जागी एकामागून एक बदला, प्रत्येकीची तीन चित्रं. काळ्या कागदावर जळका भाग दिसतच नाही, त्यामुळे काडी आपली आपण संपत जाते.