ब्लॉगने सार्वमत फिरवलं, असं म्हणण्याआधी या चुका टाळा

२९ मे २००५ रोजी फ्रेंच मतदारांनी युरोपीय संघाला एक राज्यघटना देणारा करार सार्वमतात फेटाळला. जवळपास ५५ टक्के लोक ‘नको’ म्हणाले. मार्सेयकडचे शिक्षक एत्येन शुआर यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर टाकलेला कराराविरुद्धचा लेख प्रचारात देशभर फिरला होता. मग एका माणसाने निकाल फिरवला, ही कथा रूढ झाली.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तारखा लावून पाहा. शुआर यांचा लेख मार्चच्या अखेरीस आला आणि ‘नको’ची बाजू मार्चच्या मध्यालाच जनमत चाचणीत पुढे गेली होती. बेरोजगारी दहा टक्क्यांच्या घरात होती, समाजवादी पक्षात उभी फूट पडली होती. हे सगळं वगळून ब्लॉगला श्रेय देणं म्हणजे मतदारांवर अन्याय आहे.

मग लेखाने केलं काय? माझ्या मते, फार मोलाचं काम केलं. करार ४४८ कलमांचा, मोठे पक्ष आणि बहुतेक मोठी वृत्तपत्रं ‘हो’च्या बाजूने. शुआर कलमांचे क्रमांक देऊन बोलत होते, म्हणजे वाचकाला मूळ मजकूर उघडून पडताळा घेता येत होता. चुका दाखवा, असं त्यांनी वाचकांना सांगितलं आणि लेखाच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. प्रभाव मोजायचा तर वादाची पातळी किती वर गेली हे बघा.

वाचकसंख्येला मतं समजू नका. २०१४च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात ‘विंग्ज ओव्हर स्कॉटलंड’ हा स्वातंत्र्यवादी ब्लॉग प्रचंड वाचला गेला, तरी स्वातंत्र्याला ४४.७ टक्केच मतं पडली. आधीच पटलेले लोकच वाचत असतील तर आकडा कितीही फुगतो.

‘स्वतंत्र’ ब्लॉग म्हणजे ‘निष्पक्ष’ ब्लॉग नव्हे, हेही ध्यानात ठेवा. शुआर आणि ‘विंग्ज’ दोघेही उघडपणे एका बाजूचे होते. पैसा कुठून येतो आणि चूक झाल्यावर दुरुस्ती दिसते का, एवढं तपासा.

आणि हे सगळं इंटरनेटपासून सुरू झालं असं तर मुळीच मानू नका. १६ जानेवारी १९६७च्या गोव्याच्या जनमत कौलाआधी उदय भेंब्रे ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकामध्ये ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. गोवा महाराष्ट्रात विलीन होऊ नये, ही बाजू ते मराठीत मांडत, म्हणजे विलीनीकरणवाद्यांच्याच वाचनाच्या भाषेत. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. त्याचं श्रेयही एकट्या सदराचं नाही. विलीनीकरणविरोधी नेते जॅक सिक्वेरा यांचं नेतृत्व होतं, गावोगाव प्रचाराची गाणी घुमत होती. पण कुठल्याही ब्लॉगचा प्रभाव जोखताना पहिला प्रश्न इथूनच घ्या: विरुद्ध मताच्या किती माणसांनी तो वाचला, आणि त्याला उत्तर देणं त्यांना भाग पडलं का?