थव्यातले पक्षी मोजताना

निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात थंडीत पक्षी मोजायला जाल तेव्हा एकेक मोजत बसू नका. आधी दहा वारकरी, म्हणजे त्या नावाचे पाणपक्षी, नीट मोजा. काळेकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, ओळखायला सोपे. ते पाण्यावर किती जागा व्यापतात हे डोळ्यांत भरून घ्या आणि तोच तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत चला. दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याने थवा उठवला तर थांबा, खाली बसू द्या, मग पुन्हा पहिल्यापासून. सकाळी ऊन पाठीशी हवंच, नाहीतर हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोक आणि मुळाशी असलेला तांबडा ठिपकाही काळाच दिसतो. निफाडच्या गारठ्यात बोटं वळत नाहीत, म्हणून एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं.