क्वार्टरबॅकचा नवा करार आणि सॅलरी कॅप : हिशोब मांडताना या चुका टाळा

मे २०२५ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) ब्रॉक पर्डी याने सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाबरोबर पाच वर्षांचा, २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी ५ कोटी ३० लाख. त्याआधीच्या तिन्ही हंगामांत याच मुलाला वर्षाला १० लाख डॉलरसुद्धा मिळत नव्हते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, तो अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. असा आकडा समोर आला की "मग बाकीच्या ५२ जणांना काय उरणार?" असं कुणीही विचारतं. प्रश्न रास्तच आहे. हिशोब मात्र बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने मांडला जातो.

आपल्याकडे ही चूक होण्याचं मोठं कारण म्हणजे आयपीएलची सवय. ऋषभ पंत २७ कोटींना गेला, की लखनौच्या १२० कोटींच्या पर्समधून २७ कोटी सरळ वजा. एनएफएलमध्ये हातात पडलेला पैसा आणि कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या वर्षाच्या पगारखर्चावरच्या मर्यादेत, धरलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत दोन रकाने आखल्याशिवाय पुढे जाऊच नका.

समजा, पाच वर्षांचा करार आहे. सही करताना ५ कोटी डॉलरचा साइनिंग बोनस आणि पहिल्या वर्षाचा पगार २० लाख. खेळाडूच्या खात्यात त्या वर्षी ५ कोटी २० लाख जमा झाले. कॅपच्या रकान्यात मात्र बोनसचा पाचवा हिस्सा, म्हणजे १ कोटी, अधिक पगाराचे २० लाख. झाले १ कोटी २० लाख. छान वाटतं. पण दोन वर्षांनी त्याला काढलं, तर न मोजलेले ३ कोटी एकदम कॅपवर येऊन बसतात. यालाच डेड मनी म्हणतात. १ जूननंतर काढलं (किंवा तशी नोंद केली), तर त्यातला १ कोटी चालू वर्षात आणि २ कोटी पुढच्या वर्षात जातात. ओझं विभागतं, कमी होत नाही.

दुसरी चूक म्हणजे डॉलरचा आकडा डॉलरशीच ताडून पाहणं. २०१८ मध्ये ॲरन रॉजर्सच्या नव्या कराराची सरासरी होती ३ कोटी ३५ लाख, आणि त्या वर्षीचा कॅप १७ कोटी ७२ लाख. पर्डीने सही केली तेव्हा कॅप २७ कोटी ९२ लाखांवर पोचला होता. दोघांचा वाटा काढून बघा, दोन्हीकडे १९ टक्क्यांच्या आसपास येतो. जॉर्डन लव्हने २०२४ मध्ये ५ कोटी ५० लाखांच्या सरासरीवर सही केली, तेव्हा कॅप २५ कोटी ५४ लाख होता, म्हणजे साडेएकवीस टक्के. महाग करार कोणता, हे टक्केवारीतच कळतं. तरीही कॅप दरवर्षी वाढतच जाणार, असं डोळे मिटून धरू नका. कोविडनंतर २०२१ मध्ये तो १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरला होता. नेमक्या त्याच वर्षी फिलाडेल्फियाने कार्सन वेंट्झला दुसऱ्या संघाकडे पाठवलं आणि ३ कोटी ३८ लाखांचा डेड मनी अंगावर घेतला. वेंट्झचा करार २०१९ च्या जूनमधला. तो सुरू होण्याआधीच, २०२० मध्ये, त्यांनी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत दुसरा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स निवडला होता.

जुन्या कराराची उरलेली वर्षं विसरणं ही तर सर्रास होणारी चूक. हर्ट्सचा एप्रिल २०२३ चा करार पाच वर्षांचा, २५ कोटी ५० लाखांचा. बातमीत सरासरी आली ५ कोटी १० लाख. पण त्याच्या पहिल्या, म्हणजे रुकी करारातलं एक स्वस्त वर्ष शिल्लक होतं. ते धरलं तर सहा वर्षं होतात आणि सरासरी ४ कोटी ३० लाखांच्या जवळ उतरते. शिवाय व्हॉइड वर्षं, म्हणजे बोनस पसरवण्यापुरती कागदावर जोडलेली वर्षं, वापरून फिलाडेल्फियाने २०२३ मध्ये त्याचा कॅप हिट, म्हणजे त्या वर्षी कॅपमध्ये धरलेली रक्कम, ६० लाखांच्या जरा वरच ठेवला. वाचलेली जागा त्यांनी संघ बांधायला वापरली. करार लवकर करण्याचा फायदा हा.

मग घाई करावी की थांबावं? माझं मत थांबण्याच्या विरोधात आहे, पण खेळाडूबद्दल खात्री असेल तरच. डॅलसने डॅक प्रेस्कॉटच्या बाबतीत २०१९ मध्ये वेळ काढला, २०२० मध्ये फ्रँचाइझ टॅग लावून (म्हणजे ठरावीक रकमेवर त्याला एक वर्ष अडवून) ३ कोटी १४ लाख मोजले आणि २०२१ मध्ये ४ कोटींच्या सरासरीवर सही केली. त्या करारात पुन्हा टॅग लावायचा नाही, अशी अट होती. पुढे कॅप जुळवण्यासाठी पगाराचं बोनसमध्ये रूपांतर, म्हणजे रिस्ट्रक्चर, केलं गेलं. कॅप जुळत नसला की हाच उपाय आधी सुचतो, आणि इथेच जपायला हवं. प्रत्येक रिस्ट्रक्चरने सोडण्याची किंमत वाढते. २०२४ उजाडलं तेव्हा प्रेस्कॉटचा कॅप हिट साडेपाच कोटींवर गेला होता, टॅग लावता येत नव्हता, सोडणंही परवडत नव्हतं. सप्टेंबरमध्ये त्याने वर्षाला ६ कोटींवर सही केली. घासाघीस करायला डॅलसकडे काही उरलंच नव्हतं.

खात्री नसेल तर काय होतं, ते न्यूयॉर्क जायंट्सने अनुभवलं. डॅनियल जोन्सच्या रुकी करारातलं पाचवं, संघाच्या मर्जीवरचं वर्ष त्यांनी २०२२ मध्ये नाकारलं. त्या हंगामात तो बरा खेळला, मिनेसोटाविरुद्ध प्लेऑफचा सामनाही जिंकला. मार्च २०२३ मध्ये चार वर्षांचे १६ कोटी देऊन टाकले. एका चांगल्या हंगामावर असा करार करणं ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. जोन्सला सही मिळाली त्याच दिवशी चेंडू घेऊन धावणाऱ्या सॅक्वन बार्कलीला टॅग लावला गेला. वर्षभराने बार्कली फिलाडेल्फियाला गेला, २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. इकडे जोन्सचा गुडघा गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला मोकळं करण्यात आलं.

या कराराच्या कागदात आणखी एक ओळ होती, दुखापतीच्या हमीची. जोन्स जायबंदी होऊन पुढच्या हंगामासाठी तपासणीत नापास झाला असता, तर २०२५ चे २ कोटी ३० लाख संघाला द्यावेच लागले असते. म्हणून त्याला मैदानात उतरवणंच जोखमीचं झालं. 'हमी' हा शब्द दिसला की विचारा: पूर्ण हमी की फक्त दुखापतीची? आणि कोणत्या तारखेला दुसरी पहिलीत बदलते?

एवढं सगळं तपासायला वेळ नसेल तर कराराचं तिसरं वर्ष उघडा आणि दोन आकडे शेजारी लिहा: ठेवलं तर कॅप हिट किती, काढलं तर डेड मनी किती. डेन्व्हरने रसेल विल्सनचा २४ कोटी ५० लाखांचा करार तो लागू होण्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, मोडला. साडेआठ कोटींचा डेड मनी दोन वर्षांत वाटून घेतला. तो झेपला, कारण त्याच एप्रिलमध्ये पहिल्या फेरीत निवडलेला नवा क्वार्टरबॅक बो निक्स वर्षाला ५० लाखांच्या आत पडला. डेन्व्हर त्या हंगामात प्लेऑफलाही पोचलं. विल्सनचा शेवटचा हिस्सा २०२५ च्या कॅपमध्ये फिटला. लीगच्या नियमानुसार ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूशी नव्या कराराची बोलणी तीन हंगामांनंतरच करता येतात. निक्सचा तिसरा हंगाम २०२६ चा.