किकर-पंटर-स्नॅपरच्या समर कॅम्पवर काम करायचंय? आधी बॉल धरायला शिका

किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र), स्पोर्ट्स सायन्स असलं काहीतरी शिकायला अमेरिकेत आलेली आणि गावाकडं सॉकर खेळलेली पोरं मला दर वर्षी साधारण एकच प्रश्न विचारतात, की दादा मी तालमीच्या सॉकर टीमकडून खेळलोय, पाय चांगला आहे, इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या किकिंग कॅम्पवर मला काम जमेल का. जमेल. मी स्वतः कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर मॅच बघत आणि खेळत मोठा झालो, आणि आता बरेच उन्हाळे झाले, मिडवेस्टमधल्या कॉलेज मैदानांवर हायस्कूलच्या किकर (जमिनीवर उभा धरलेला बॉल मारणारा), पंटर (हातातून सोडलेला बॉल मारणारा) आणि लाँग स्नॅपर (त्यांच्यासाठी बॉल मागे फेकणारा) मुलांना शिकवतोय. पण आपल्याकडची पोरं सगळा विचार पायापासून सुरू करतात आणि इथं कामाला लागायचं तर सुरुवात हातापासून करावी लागते, ते कसं हे सांगायलाच लिहायला बसलोय.

आधी आपला पाय कुठं उपयोगी पडतो ते सांगतो. पूर्वी इथले किकर सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने मारायचे. १९६४ मध्ये हंगेरीत जन्मलेला पीट गोगोलाक बफेलो बिल्सकडून खेळायला लागला, तो तिरका धावत येऊन सॉकरसारखा इनस्टेपने (पायाच्या वरच्या-आतल्या बाजूने) मारायचा, आणि प्रो फुटबॉलमधला तसा मारणारा तो पहिला. आज सगळे तसेच मारतात. पंटिंगमध्ये पण तेच झालंय, ऑस्ट्रेलियन रूल्स (तिकडचा फुटबॉलचा प्रकार) खेळलेली मुलं मेलबर्नच्या प्रोकिक ऑस्ट्रेलिया या ट्रेनिंग संस्थेत तयार होऊन इथल्या कॉलेजांत येतात, आणि २०१४ ते २०१७ या चारही वर्षी कॉलेजच्या सर्वोत्तम पंटरचा रे गाय अवॉर्ड ऑस्ट्रेलियन मुलांनीच नेला. त्यामुळे बाहेरच्या खेळातून आलाय म्हणून तुम्हाला कोणी कमी लेखणार नाही, उलट कोच लोकांना ऐकायला आवडतं.

पण फरक समजून घ्या. सॉकरमध्ये फ्री किक मारताना बॉल पडलेला असतो आणि वेळ तुमच्या हातात असतो. इथं फील्ड गोलला (बॉल दोन खांबांमधून मारायची किक) सात-आठ यार्ड पुढे एक मुलगा, म्हणजे स्नॅपर, उलटा वाकून दोन पायांमधून बॉल मागे फेकतो, दुसरा, म्हणजे होल्डर, गुडघ्यावर बसून तो पकडतो, उभा करतो, लेस (बॉलवरची दोऱ्यांची शिवण) गोलपोस्टकडे फिरवतो, आणि तेवढ्यात किकर निघालेला असतो. स्नॅप (ती मागची फेक) सुटल्यापासून पाय लागेपर्यंत १.३ सेकंदाच्या आसपास. याच्यापेक्षा फार उशीर झाला की समोरून येणारी पोरं हात लावतात. म्हणजे किकरचा पाय कितीही भारी असू दे, बॉल पाच अंश वाकडा उभा राहिला किंवा लेस पायाच्या बाजूला आली तर तो भारी पाय काय करणार?

आणि कॅम्पवर होल्डर नेहमी कमी पडतात. किकर म्हणून नाव नोंदवणारी पोरं ढीगभर, होल्डर म्हणून येणारं जवळपास कोणी नाही, मग स्टाफलाच बसावं लागतं. ज्याला स्वच्छ होल्ड करता येतो तो माणूस कॅम्पवर पहिल्या दिवसापासून कामाचा. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की येण्याआधी एक बॉल विकत घ्या (सेकंडहँड चालेल) आणि भिंतीपाशी गुडघ्यावर बसून नुसतं पकडा-ठेवा-फिरवा करत राहा. एका हाताने स्नॅपरला टार्गेट दाखवायचं, दुसऱ्या हाताचं बोट जिथं बॉल ठेवायचाय तिथं, बॉल आला की दोन्ही हातांनी घ्यायचा, खाली टेकवायचा, वर एकच बोट, लेस पुढे. नजर ठेवायच्या जागेवर, किकरकडे बघायचं नाही, तो येतोच. बॉल किंचित आपल्याकडे कलता ठेवायचा की सरळ, हे प्रत्येक किकरला विचारून घ्या आणि मग रोज तसाच ठेवा.

स्नॅपरकडे तर कॅम्पवर पालक पण बघत नाहीत, पण शिकवणाऱ्याला सगळ्यात जास्त समाधान मला तरी तिथंच मिळालंय. एक उदाहरण देतो. एका मुलाचे पंटचे स्नॅप, म्हणजे पंधरा यार्ड लांबचे, सारखे पंटरच्या डोक्यावरून जायचे. दोन कोचनी त्याला सांगून बघितलं होतं की बॉल लवकर सोड, लवकर सोड, आणि त्या नादात तो अजून घाबरलेला. मी बाजूला उभा राहून फक्त कंबर बघत बसलो. बॉल हलायच्या आधीच त्याची बैठक खाली जायची आणि फेकताना उसळून वर यायची, म्हणजे हात बरोबर होते पण ज्या बिजागरीवर ते फिरतात तीच वर-खाली होत होती. स्विमिंग पूलमध्ये मुलं खेळतात ती फोमची लांब नळी असते ना, ती त्याच्या कमरेच्या वर आडवी धरली आणि म्हटलं हिला धक्का न लावता फेक. मग पाय थोडे जवळ आणायला लावले, कारण पाय फार फाकलेले असले की हात मांड्यांना लागून थांबत नाहीत, कुठंही थांबतात. दोन्ही हात मांड्यांच्या आतल्या बाजूला लागून थांबायला लागले आणि बॉल पंटरच्या पँटच्या उजव्या खिशाच्या उंचीला यायला लागला. फेकण्याबद्दल त्याला मी एक शब्द बोललो नव्हतो. पंटचा स्नॅप ०.८ सेकंदाच्या आत आला तर हायस्कूलला उत्तम, पण मी स्टॉपवॉच शेवटी काढतो, आधी जागा मग वेग.

फील्ड गोलच्या स्नॅपमध्ये अजून एक सुंदर गोष्ट आहे. मुलगा दर वेळी सारखाच फेकत असेल तर बॉल दर वेळी तेवढेच फेरे घेऊन होल्डरच्या हातात येतो, मग लेस कुठं येणार हे ठरलेलं असतं, आणि सुरुवातीची पकड जराशी फिरवून किंवा होल्डरला थोडं पुढे-मागे सरकवून लेस बरोबर पुढेच येईल असं जुळवता येतं. हे जुळलं की होल्डरला बॉल फिरवावाच लागत नाही. हे पहिल्यांदा जुळतं तेव्हा त्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, खरंच.

आता किकर. उजव्या पायाचा असेल तर सर्वसाधारण पद्धत म्हणजे बॉलपासून तीन पावलं मागे, दोन डावीकडे, मग छोटं पाऊल, मोठं पाऊल, रोवायचा पाय बॉलच्या शेजारी, घोटा लॉक, पायाच्या वरच्या-आतल्या बाजूचं कडक हाड बॉलच्या पोटाच्या जरा खाली. सॉकरवाली पोरं मागे रेलून मारतात आणि पायाने बॉलला वळसा घालतात, इथं त्याने बॉल उजवीकडून डावीकडे ओढला जातो. मी त्यांना साइडलाइनच्या रेघेवर उभं करतो आणि एक पाऊल टाकून रेघेवरूनच मार म्हणतो, बॉल कुठं वळतो ते रेघच सांगते. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. चार गोष्टी सांगितल्या की पोरगं चारही विसरतं आणि वर स्वतःची किक पण विसरतं.

हायस्कूलमध्ये बॉलखाली ठेवलेल्या दोन इंचाच्या ब्लॉकवरून मारायला परवानगी असते आणि पोस्टची रुंदी २३ फूट ४ इंच, कॉलेजात बॉल थेट जमिनीवरून आणि रुंदी १८ फूट ६ इंच. अकरावी-बारावीच्या मुलाला कॉलेजात जायचं असेल तर त्याला आत्तापासून जमिनीवरून मारायची सवय लावा. आणि अंतराचा हिशोब पाठ असू द्या, बॉल ३० यार्डाच्या रेघेवर असेल तर त्यात एंड झोनचे (गोल रेघेपासून मागे पोस्टपर्यंतच्या पट्ट्याचे) १० आणि होल्डरपर्यंतचे ७ मिळवायचे, म्हणजे ४७ ची किक. पालक विचारतात तेव्हा पटकन सांगता आलं पाहिजे.

पंटरबद्दल थोडक्यात, सगळं ड्रॉपमध्ये आहे. हातातून बॉल पायावर पडेपर्यंत तो फिरला, डुचमळला की पुढचं सगळं फुकट. लेस वर, नाक किंचित आत, हात कमी उंचीवरून सोडणारा. मी मुलांना पाय न मारता नुसतं ड्रॉप करायला लावतो, बॉल जमिनीवर पडून कसा उडतो त्यावरून कसा पडला ते कळतं. हँग टाइमचं (बॉल किती वेळ हवेत राहतो त्याचं) महत्त्व पण समजावून सांगा, ४० यार्ड आणि ४ सेकंद हवेत हे हायस्कूलला चांगलं, पण ५० यार्ड जाऊन साडेतीन सेकंदात पडलेला बॉल म्हणजे समोरच्या रिटर्नरला (बॉल पकडून उलटा पळणाऱ्याला) मोकळं रान, कारण आपली पोरं तिथं पोचलेलीच नसतात.

एक गोष्ट मी फार कडक पाळतो आणि तुम्ही पण पाळा, पायाला किती किक झाल्या त्या मोजायच्या. कॅम्पला आलेलं पोरगं जोशात असतं, शेजारचा ५० वरून मारतोय म्हणून हा पण मारत राहतो आणि संध्याकाळी जांघेत, मांडीत कळ. वाढत्या वयाची हाडं आहेत ती. दुखतंय म्हटलं की थांबवायचं, वडील बाजूला उभे राहून मार मार म्हणत असले तरी. जुलैच्या दुपारी टर्फ मैदान अक्षरशः भाजतं, तिथं पाणी-सावली हे पण कोचिंगच आहे.

आता कागदपत्रांचं, कारण इथं आपली पोरं अडकतात. एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर कॅम्पसवरची नोकरी सुट्टीत फुल टाइम करता येते, पण कॉलेजच्या मैदानावर होणारा कॅम्प कॉलेजचाच असतो असं नाही, खूप कॅम्प कोचच्या स्वतःच्या कंपनीच्या नावावर असतात आणि पगार तिकडून येतो. मग ते कॅम्पसवरचं काम धरलं जाईलच असं नाही, सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी) लागू शकतो. पगार नको, फुकट करतो म्हटलं तरी ते आपोआप चालतं असं समजू नका. हो म्हणायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शिवाय अल्पवयीन मुलांसोबत काम आहे, तर बॅकग्राउंड चेक, मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग, सीपीआर हे लागणारच, आणि कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, सगळं मैदानावर सगळ्यांसमोर.

पालकांना खोटी आशा दाखवू नका. एका कॉलेजात स्कॉलरशिपवर किकर किंवा स्नॅपर असून असून किती असणार, बरीच मुलं वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये) म्हणून जातात, आधी जागा मिळवतात मग कधीतरी पैसे. स्टार रेटिंग देणारे मोठे खासगी कॅम्प आहेत, त्याचा उपयोग पण होतो, पण तिसऱ्या कॅम्पची फी भरण्याआधी मुलाकडे एकसारख्या कॅमेरा अँगलने घेतलेला, सलग किकचा, चुकलेल्या किक पण न कापलेला व्हिडिओ आहे का ते विचारा. मी कॉलेज कोचना व्हिडिओ बघताना पाहिलंय, तोडून जोडलेल्या क्लिपवर त्यांचा विश्वास बसत नाही.

अर्ज करायचा तर जानेवारी-फेब्रुवारीतच स्पेशल टीम्सच्या (किक-पंट सांभाळणाऱ्या युनिटच्या) कोचला ईमेल टाका, मे महिन्यात स्टाफ ठरलेला असतो. ईमेल छोटा ठेवा, कुठं खेळलात ते एका वाक्यात, आणि खाली स्पष्ट लिहा की मला होल्ड करता येतो, पंधरा यार्डांचा स्नॅप पकडता येतो, किकच्या नोंदींचा चार्ट भरता येतो, बॉल गोळा करायला पण तयार आहे. सोबत स्वतःचा होल्ड करतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा, किकचा नको.